लव्हिंग काउंटी, टेक्सस: चौसष्ट माणसांचा मुलूख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चौसष्ट म्हटलं की आपल्याला कला आठवतात. टेक्ससच्या पश्चिम भागात मात्र चौसष्ट ही एका अख्ख्या काउंटीची २०२० मधली लोकसंख्या आहे. या जागेचं नाव बहुधा ‘अजबगजब’ छापाच्या मजकुरात निघतं आणि तिथेच संपतं. खरं तर तिथला भूगोल आणि तिथली शिरगणती दोन्ही गोष्टी जरा नीट बघण्यासारख्या आहेत. त्यावरून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ही काउंटी नेमकी कुठे आहे?

टेक्ससचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. राज्याच्या पश्चिम भागात न्यू मेक्सिकोची आडवी सीमा जिथे टेक्ससला भिडते, तिच्या लगेच खाली लव्हिंग काउंटी आहे. उत्तरेला न्यू मेक्सिकोच्या ली आणि एडी या काउंट्या, पूर्वेला विंकलर, दक्षिणेला वॉर्ड. पश्चिमेला पेकोस नदी, आणि नदीपलीकडे रीव्हज काउंटी. मुख्यालय मेंटोन. सगळ्यांत जवळचं बऱ्यापैकी गाव म्हणजे रीव्हजमधलं पेकोस, मेंटोनपासून साधारण २३ मैलांवर. विमानाने यायचं तर मिडलंडला उतरून पुढे गाडी. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींपैकी कुणाला ‘आपल्याच राज्यात आहे, जाऊन येऊ’ असं वाटत असेल तर आधी अंतर बघा: साडेपाचशे मैलांच्या वर.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणायचा का?

कागदावर हो, व्यवहारात अर्धवटच. आपल्या जिल्ह्याचा कलेक्टर वरून नेमलेला असतो. टेक्ससच्या काउंटीत जवळजवळ सगळी पदं मतदानाने भरतात: काउंटी जज, चार कमिशनर, शेरीफ (पोलीसप्रमुख), क्लार्क वगैरे. ‘काउंटी जज’ या नावाने फसू नका. तो न्यायाधीशापेक्षा जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला जवळचा आहे, कमिशनरांच्या बैठकीचा प्रमुख तोच. टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत आणि सगळ्यांचा सांगाडा सारखाच. लाखो लोकांच्या ह्यूस्टनला जी पदं, तीच चौसष्टांना.

लोकसंख्या आणि क्षेत्रफळ किती?

२०२० च्या जनगणनेत ६४ माणसं. क्षेत्रफळ ६७७ चौरस मैल, म्हणजे सुमारे १,७५० चौरस किलोमीटर. दर २७ चौरस किलोमीटरला एक माणूस पडतो.

आपल्याकडचं माप लावायचं तर महाराष्ट्रातला सगळ्यांत विरळ वस्तीचा जिल्हा गडचिरोली, तिथे २०११ मध्ये चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं होती. गडचिरोलीइतकी दाटी लव्हिंगमध्ये असती तर तिथे सव्वा लाखाच्या वर लोक राहिले असते. उलट लव्हिंगचं प्रमाण मुंबई शहर जिल्ह्याला लावलं तर कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मिळून सहा माणसं उरतील. पत्ते खेळायला दोन अड्डेही जमायचे नाहीत.

६४ हा आकडा अगदी अचूक आहे का?

नाही, आणि तो मुद्दामच अचूक ठेवलेला नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०२० पासून काउंटी-गावांच्या एकूण आकड्यांतही ठरवून थोडी सरमिसळ करायला सुरुवात केली. गाव फार लहान असलं की वय, वंश, घरातली माणसं अशा तक्त्यांवरून एखाद्या कुटुंबाची ओळख पटू शकते. ते टाळायला खालच्या पातळीवरचे आकडे किंचित हलवले जातात. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र जशी मोजली तशीच छापतात. लाखोंच्या काउंटीत चार-दोन माणसांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. चौसष्टात येतो. प्रत्यक्षात मोजलेली माणसं दोन-चार कमी किंवा जास्त असू शकतात. नंतरच्या वार्षिक अंदाजांत तर हा आकडा पन्नासच्याही खाली गेला.

आधी तरी वस्ती मोठी होती का?

होती, पण ‘मोठी’ हा शब्द जपून वापरावा लागेल. १८९० च्या मोजणीत इथे ३ माणसं सापडली. १९०० मध्ये ३३. १९१० मध्ये एकदम २४९, कारण मधल्या काळात सरकारी जमिनी घेऊन शेती करू पाहणारी कुटुंबं आली. मग पावसाने दगा दिला, आणि १९२० मध्ये उरले ८२. त्याच दशकात तेल लागलं. १९३० ला १९५, १९४० ला २८५, आणि दहा-दहा वर्षांच्या मोजणीतला हाच सगळ्यांत वरचा आकडा. दोन मोजण्यांच्या मधल्या तेजीत याहून बरेच जास्त लोक इथे होते, पण मोजणीचं वर्ष येईपर्यंत निम्मे पांगले. १९५० आणि १९६० मध्ये सव्वादोनशेच्या आसपास, १९७० ला १६४, १९८० ला ९१, १९९० ला १०७, २००० ला ६७, २०१० ला पुन्हा ८२, आणि मग ६४.

या चढउतारात दोनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात, पाऊस आणि तेल. पैकी पाऊस गेला की माणसं जातात हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तेल आलं तरी माणसं का येत नाहीत, हा खरा पेच आहे. त्याचं उत्तर खाली आहे.

‘लव्हिंग’ म्हणजे प्रेमळ?

प्रेमाचा इथे काडीमात्र संबंध नाही. ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचा व्यापारी होता. चार्ल्स गुडनाइट या जोडीदाराबरोबर तो टेक्ससमधून हजारो गुरं हाकत पेकोसच्या काठाकाठाने न्यू मेक्सिकोकडे नेत असे, आणि ती वाट पुढे त्या दोघांच्या नावाने ओळखली गेली. १८६७ मध्ये पेकोसकाठी कोमांची या मूळ रहिवासी लोकांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला, कसाबसा न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला पोचला, पण जखम सडली आणि २५ सप्टेंबरला तो गेला. आपल्याला टेक्ससच्या मातीतच पुरावं ही त्याची इच्छा गुडनाइटने पाळली. पार्थिव शेकडो मैल परत आणून वेदरफर्ड गावी पुरलं. वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, हा मुलूख टॉम ग्रीन काउंटीतून वेगळा काढला तेव्हा त्याला लव्हिंगचं नाव दिलं.

ही काउंटी दोनदा स्थापन झाली म्हणतात, ते कसं?

खरं आहे, आणि टेक्ससमध्ये असं दुसरं उदाहरण नाही. नकाशावर काउंटी आखणं वेगळं आणि तिथे निवडणूक घेऊन कारभार सुरू करणं वेगळं. १८९३ मध्ये डेन्व्हरहून काही मंडळी आली. पेकोसवर धरण घालून कालवा काढू, माळरानाचं शिवार करू, असा त्यांचा बेत. त्यासाठी कंपनी काढली, आणि काउंटीचा कारभार सुरू करा म्हणून अर्ज दिला. अर्जावर दीडशेच्या आसपास मतदारांची नावं! तीन वर्षांपूर्वीच्या मोजणीत इथे तीन माणसं होती, हे लक्षात घ्या.

निवडणूक झाली, पदाधिकारी बसले, काउंटीच्या नावावर कर्जरोखे काढायचे घाटले. मग पेकोसला पूर आला आणि कालव्याचं काम वाहून गेलं. जमीनमालकांनी कर भरायला नकार देऊन कोर्टाची पायरी चढली, आणि कारभारी मंडळी एकेक करून पसार झाली. १८९७ मध्ये विधिमंडळाने काउंटीचा दर्जाच काढून घेतला आणि मुलूख रीव्हजला जोडला. तेलामुळे वस्ती वाढल्यावर १९३१ मध्ये कारभार पुन्हा सुरू झाला. टेक्ससमध्ये कारभार सुरू झालेली ही शेवटची काउंटी. बोगस मतदारयाद्या म्हणजे आपलीच मिरासदारी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

जमीन आणि हवामान कसं आहे?

चिवावा वाळवंटाचा हा उत्तरेकडचा भाग. डोंगर नाहीत, नुसतं लाटांसारखं सपाट माळरान, समुद्रसपाटीपासून साधारण २,७०० ते ३,४०० फुटांवर. मेस्किट नावाचं काटेरी झुडूप सगळीकडे. ते आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं, त्यामुळे फोटो पाहून एखाद्याला सोलापूर-मंगळवेढ्याची आठवण झाली तर ती अगदी चुकीची नाही. त्याशिवाय क्रिओसोट, युका आणि नदीकाठी बाहेरून येऊन फोफावलेली टॅमरिस्कची झाडी. माती खारवट, काही ठिकाणी पांढरी फटक.

पाऊस वर्षाला सुमारे १० इंच, म्हणजे अडीचशे मिलिमीटर. आपल्या माणदेशातही याच्या दुप्पटीच्या जवळपास पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात रात्री शून्याखाली जातो. वारा आणि धूळ बाराही महिने.

नदी असून शेती का नाही?

पेकोस नदी वाटेत मीठ आणि जिप्समचे थर धुवत येते, त्यामुळे इथे पोचेपर्यंत तिचं पाणी चांगलंच खारं झालेलं असतं. १९३६ मध्ये काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात न्यू मेक्सिकोच्या सीमेलगत रेड ब्लफ धरण बांधलं. त्याचं पाणी सिंचनासाठी खाली, इतर काउंट्यांकडे जातं. लव्हिंगच्या वाट्याला जलाशयाचा काठ आला. इथला जमिनीचा जुना उद्योग गुरं पाळणं हाच, आणि चारा इतका विरळ की एकेका गायीमागे कित्येक एकर रान लागतं. म्हणून रँच अवाढव्य, आणि रँचवरची घरं बोटावर मोजण्याइतकी.

मग प्यायचं पाणी?

टँकर. मेंटोनमध्ये कित्येक दशकं नळयोजना नव्हती आणि पिण्याचं पाणी बाहेरून गाडीने आणावं लागे. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशात, तेलाच्या विहिरींच्या मधोमध. मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

तेल एवढं आहे तर माणसं का नाहीत?

लव्हिंग ज्या डेलावेअर खोऱ्यात येते तो पर्मियन बेसिन या पश्चिम टेक्सस-न्यू मेक्सिकोतल्या मोठ्या तेलपट्ट्याचा पश्चिमेकडचा भाग. २०१० नंतर आडवं ड्रिलिंग आणि फ्रॅकिंग यांची जोडी जमली आणि हे खोरं अमेरिकेतल्या सगळ्यांत उत्पादक तेलपट्ट्यांपैकी एक झालं. विहीर आधी खाली दोन-तीन किलोमीटर जाते, मग वळून खडकाच्या थरातून आडवी तेवढीच किंवा त्याहून लांब. खडक फोडायला वाळू आणि पाणी प्रचंड दाबाने आत सोडतात. या सगळ्याला माणसं लागतात, पण विहीर खोदून होईपर्यंत. एकदा ती वाहायला लागली की यंत्रं, सेन्सर आणि अधूनमधून फेरी मारणारा एक माणूस एवढ्यावर भागतं. १९३० च्या दशकातल्या तेजीत कामगार बायकामुलांसह येऊन राहिले, दुकानं निघाली, शाळा भरली. आताच्या तेजीत गाव उभं राहत नाही. ट्रेलरच्या रांगा उभ्या राहतात.

दुसरं कारण मालकीचं. एकोणिसाव्या शतकात टेक्ससने रेल्वे कंपन्यांना रूळ टाकण्याच्या बदल्यात जमिनी दिल्या, एक चौरस मैल कंपनीला, शेजारचा शाळाफंडाला, अशा बुद्धिबळाच्या पटासारख्या. टेक्सस अँड पॅसिफिक रेल्वे बुडाली तेव्हा तिच्या जमिनी १८८८ मध्ये एका ट्रस्टकडे गेल्या. तीच संस्था आज टेक्सस पॅसिफिक लँड नावाने या भागातली एक सगळ्यांत मोठी जमीनमालक आहे. उरलेल्यात थोडी रँचवाली घराणी. म्हणजे एखाद्याला दोन गुंठे घेऊन घर बांधायचं म्हटलं तरी विकणारा सापडणं कठीण.

आणखी एक गोष्ट आपल्याला चटकन पटत नाही. भारतात जमिनीखालचं तेल सरकारचं. टेक्ससमध्ये ते खाजगी मालकीचं असू शकतं, शिवाय जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असंही चालतं. रॉयल्टीचा चेक घ्यायला लव्हिंगमध्ये राहावं लागत नाही. तो डॅलसला येतो, न्यूयॉर्कलाही येतो.

पण तिथे हजारो कामगार दिसतात. ते लोकसंख्येत का धरत नाहीत?

कारण जनगणना विचारते ती एकच गोष्ट: बहुतेक दिवस तुम्ही कुठे राहता आणि झोपता? तेलक्षेत्रातला कामगार दोन आठवडे इथे राबतो, मग आठवडाभर घरी जातो. त्याचं घर ओडेसाला, सॅन अँटोनियोला, लुइझियानात. तो तिकडे मोजला जातो. त्याचा मुक्काम ‘मॅन कॅम्प’ नावाच्या छावणीत, जिथे खोली, जेवण, धुणं सगळं कंपनी बघते. तेजीत एका वेळी असे हजारो लोक काउंटीत असतात. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात फडावर असतो तरी त्याचं गाव बीडमध्येच असतं, तसाच हा प्रकार.

माझ्या मते लव्हिंगबद्दल बोलताना सगळ्यांत जास्त गल्लत इथेच होते. ‘चौसष्ट माणसं’ वाचून डोळ्यांसमोर शांत, ओसाड वाळवंट येतं. प्रत्यक्षात मेंटोनमधून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या राज्यमार्गावर वाळू, पाणी आणि पाइप वाहणाऱ्या ट्रकांची रीघ असते. नदीपलीकडून पेकोस ते कार्ल्सबॅड जाणारा २८५ क्रमांकाचा महामार्ग तर अपघातांमुळे ‘डेथ हायवे’ म्हणूनच बदनाम आहे. जागा ओसाड नाही, तिथे मुक्कामाला कुणी नाही एवढंच.

वाळवंटात भूकंप होतात, याचा तेलाशी संबंध आहे का?

आहे. या खोऱ्यात तेलाच्या एका पिंपामागे तीन-चार पिंपं खारट पाणी वर येतं, जे पिण्याला नाही आणि शेतीलाही नाही. जिथे प्यायचं पाणी टँकरने आणलं, तिथेच जमिनीतून हे पाण्याचे लोंढे उपसले जातात आणि टाकायचे कुठे हा प्रश्न पडतो. ते पुन्हा खोल विहिरींतून जमिनीत दाबतात. त्या दाबाने जुन्या भेगा सरकतात. मार्च २०२० मध्ये मेंटोनच्या पश्चिमेला सुमारे ५ तीव्रतेचा धक्का बसला, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच पट्ट्यात ५.४ चा. पाणी किती आणि कुठे दाबायचं यावर मग निर्बंध आले. ते घालणाऱ्या खात्याचं नाव ‘रेलरोड कमिशन’. १८९१ मध्ये ते रेल्वेसाठी निघालं. आता रेल्वेशी त्याचा संबंध उरलेला नाही, पण नाव बदलायचे प्रयत्न काही तडीस गेले नाहीत.

मेंटोनमध्ये आहे तरी काय?

१९३५ चं कोर्टहाउस, विटांचं आणि आटोपशीर. पोस्ट ऑफिस. नदीच्या पुरांना कंटाळलेल्या पोर्टरव्हिल नावाच्या गावातून १९३० च्या सुमारास उचलून आणलेलं लाकडी चर्च. मेंटोन ही नगरपालिकाही नाही, आणि २०२० मध्ये तिथे २२ माणसं मोजली गेली. दवाखान्यासाठी पेकोस किंवा कर्मिटची वाट धरायची. शाळेत मुलंच उरली नाहीत म्हणून १९७२ मध्ये ती शेजारच्या विंकच्या शाळेत विलीन झाली, आणि तेव्हापासून मुलं बसने तिकडे जातात. गावाचं नाव आलंय फ्रान्समधल्या भूमध्य समुद्रकाठच्या मांताँ या सुंदर गावावरून. कशावरून हे साम्य दिसलं असेल ते नाव ठेवणारालाच ठाऊक.

मतदान लोकसंख्येपेक्षा जास्त झालं, ही अफवा का?

अफवा नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे ६६ मतं पडली: ट्रम्प ६०, बायडन ४, बाकी २. त्याच वर्षी जनगणनेत माणसं ६४, लहान मुलं धरून. टेक्ससचा कायदा मतदाराचं ‘निवासस्थान’ ठरवताना परत येण्याचा इरादाही धरतो. वडिलोपार्जित रँच लव्हिंगमध्ये, मुलांच्या शाळेसाठी घर दुसऱ्या गावात, मत मात्र इथे, अशी कुटुंबं आहेत. यात गैर काही नाही असं एक बाजू म्हणते. जिथे दहा मतांनी शेरीफ ठरतो तिथे ‘खरा रहिवासी कोण’ हाच निवडणुकीचा मुद्दा होतो, असं दुसरी. मला दुसरी बाजू जास्त पटते. कारण अब्जावधी डॉलरच्या तेलमालमत्तेवरचा कर कसा खर्चायचा हे त्या दहा मतांवर ठरतं, आणि तिथे राबणाऱ्या हजारोंना त्यात काडीचाही वाटा नाही.

इथली एखादी अभिमानाची गोष्ट?

टेक्ससमधली पहिली निवडून आलेली महिला शेरीफ इथलीच, एडना रीड क्लेटन ड्यूईस. १९४५ ते १९४७ त्या या पदावर होत्या.

अमेरिकेतली सगळ्यांत विरळ जागा हीच का?

माणसांच्या संख्येने सगळ्यांत लहान काउंटी, हो. दुसरा क्रमांक हवाईमधल्या कालावाओचा, २०२० मध्ये ८२. कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्यासाठी वसवलेली ती वसाहत. पण ती जागा चिमुकली आहे, त्यामुळे दाटीचं गणित वेगळं पडतं. दाटी बघायची तर अलास्कात याहून विरळ मुलूख आहेत, फक्त तिथे काउंट्या नाहीत, बरो आणि जनगणना क्षेत्रं आहेत. टेक्ससमध्येच किंग काउंटी २६५ आणि केनेडी ३५० माणसांवर आहेत.

तिथे जाऊन राहता येईल का? चाळीस जण गेले तर काउंटीच ताब्यात येईल!

हा विचार तुमच्या आधी इतरांना सुचलाय. २००६ च्या सुमारास ‘फ्री टाउन प्रोजेक्ट’ नावाने काही लिबर्टेरियन (सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणाऱ्या) मंडळींनी नेमका हाच डाव टाकला होता: थोडे लोक आणायचे, मतदार म्हणून नोंदवायचे, सगळी पदं जिंकायची. जमिनीच्या व्यवहारावरूनच पहिली ठिणगी पडली, शेरीफ आडवा आला आणि डाव फसला. राहायचंच असेल तर भाड्याचं घर मिळणं दुरापास्त, विकत घ्यायला प्लॉट जवळजवळ नाहीत, आणि विहिरीचं पाणी खारं. बघायला जाणार असाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. पेकोसलाच गाडीची टाकी भरा, पाण्याचे कॅन डिकीत ठेवा, आणि ३०२ वर ट्रकला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. परतताना न्यू मेक्सिकोत शिरलात तर घड्याळ एक तास मागे घ्यायला विसरू नका.